म्हशीवर लिहिलेली डॉक्टरकी

आमच्या घरी म्हशी किती, असं कुणी विचारलं की आप्पा बारा म्हणायचे. होत्या नऊ, आणि त्यातल्याही दोन रेड्या, म्हणजे दुधाच्या सातच. पण आप्पांनी बारा म्हटलं की घरातल्या सगळ्यांनी बारा म्हणायचं, अशी आमच्या घरची रीत होती. आप्पा माझे थोरले चुलते. बाबा त्यांचे धाकटे भाऊ. वैरण आणणं, शेण उचलणं, धारा काढणं हे बाबांचं काम, आणि बोलणं हे आप्पांचं. ही वाटणी कुणी करून दिली होती मला ठाऊक नाही, पण मी त्या घरात होते तोवर ती मोडलेली पाहिली नाही. कुणी पाहुणा आला आणि चुकून बाबांना काही विचारलं, तरी उत्तर आप्पा द्यायचे आणि बाबा मान हलवायचे.

गंगावेशीच्या मागच्या बोळात आमचं घर. पुढं एक खोली, मधे स्वयंपाकघर आणि मागं गोठा. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एक भिंत, तीही छपरापर्यंत गेलेली नाही. त्यामुळं आई भाकरी थापायला लागली की पलीकडून म्हशी हंबरायच्या, आणि म्हशीनं शेपटी झाडली की आई परातीवर आडवा हात धरायची. पहाटे मला जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या बादलीत पडणारी पहिली धार पत्र्यावर टणटण वाजते, मग बादली भरत जाते तसा आवाज जाड होत जातो, आणि शेवटी नुसता फेसात फेस पडल्यासारखा होतो. कुठली म्हैस आज किती देणार, हे मी अंथरुणात पडल्यापडल्या सांगायची आणि बहुतेक बरोबर यायचं. न्याहारीला दुधात कुस्करलेली शिळी भाकरी आणि वर गुळाचा खडा. म्हैस व्याली की खरवस. आई तो वेलदोडा घालून करायची आणि आप्पा तो बोळातल्या प्रत्येक घरी वाटायला लावायचे. वाटून उरला तर आम्हाला, म्हणजे बहुधा पातेल्याला चिकटलेला.

धारेच्या पहिल्या पेल्याचीही आमच्याकडं रीत होती. फेसासकटचा तो पेला घरातल्या एकाच माणसाला मिळायचा. माझ्या लहानपणी तो आप्पांच्या मुलाचा, विलासदादाचा. तो तालमीत जायचा म्हणून त्याला ‘पैलवानाचा पेला’ म्हणत. विलासदादा गुडघा धरून बसला आणि तालीम सुटली. त्याच उन्हाळ्यात मला दहावीला चांगले मार्क पडले आणि आप्पांनी तो पेला माझ्याकडं वळवला. नावही बदललं. आता तो ‘डॉक्टरचा पेला’. मी डॉक्टर होणार, हे मला असं समजलं.

आप्पांना घरात डॉक्टर हवा होता, कारण डॉक्टरसमोर लोक पायताण काढून उभे राहतात हे त्यांनी पाहिलं होतं. याहून खोल दुसरं काही कारण असावं, असं मला आजही वाटत नाही. आणि डॉक्टर कसा तयार करायचा, याची त्यांची कल्पना पैलवान तयार करण्याच्या कल्पनेपेक्षा वेगळी नव्हती. दूध पाजायचं, लवकर झोपवायचं आणि एका गोष्टीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचा नाही.

अकरावी सायन्सला मी गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलं होतं. त्या काळी मेडिकलला बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. गणिताचे मार्क धरत नसत. तरी हुशार म्हणवणारी पोरं दोन्ही घ्यायची, म्हणजे मेडिकल नाही तर इंजिनिअरिंग. मला गणित दहावीपर्यंत सोपं गेलं होतं. अकरावीत ते एकदम परकं झालं. फळ्यावर सर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जायचे आणि मी पहिल्याच ओळीवर उभी. पहिल्या सहामाहीत मला शंभरात एकोणतीस मार्क पडले. आयुष्यात पहिल्यांदा नापास. पेपर हातात आला तेव्हा शेजारी बसणाऱ्या वैशालीनं तो नुसता बघितला आणि माझ्या दप्तरात घालून ठेवला. तिला स्वतःला सत्तरच्या वर होते.

आमच्या भागात एक क्लास होता. तो चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचे. क्लासच्या भिंतीवर डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्यांचे फोटो होते. त्यातले दोघे क्लासची पायरीही चढले नव्हते. एकाची आई आमच्याकडं दुधाला यायची, तिनंच सांगितलं. सरांचा स्वतःचा विषय कुठला हे कधी कळलं नाही. ते सगळेच विषय थोडेथोडे शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पालकांना भेटायचे. पालकांना भेटायची त्यांची आवडती जागा म्हणजे दूध कट्टा. संध्याकाळी आम्ही दोन म्हशी रस्त्याकडेला नेऊन बांधत असू. गिऱ्हाइकं रांगेत उभी राहायची आणि बाबा त्यांच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायचे. कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. त्या रांगेत उभं राहून सर एका संध्याकाळी म्हणाले,

“आप्पा, मुलीचं गणित काढून टाका.”

“काढूया की,” आप्पा म्हणाले. “त्यात काय, दात हाय व्हय?”

रांग हसली. मी पेले विसळत होते. सरांनी हातातला पेला उंच धरून मोठ्यानं समजावलं. मेडिकलला गणित धरतच नाहीत. मग त्यावर रोज दोन तास घालवायचे कशाला? ते बायॉलॉजीला द्यायचे. गणिताच्या जागी भूगोल घ्यायचा, तो काय, नकाशे रंगवले की झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं की विषय बदलून मिळतो, फक्त पालकांनी यायला लागतं. त्यांच्या बॅचमधली निम्मी पोरं गणित सोडणार होती.

मी विचारलं, “सर, निम्म्या बॅचनं सोडलं तर निम्म्या बॅचचे मार्क वाढणार. दुसऱ्या गावातली पोरंबी सोडत असणार, त्यांचेबी वाढणार. जागा हायत तेवढ्याच. मग फायदा कुणाचा झाला?”

सरांनी मिशीचा फेस पुसला. “बघा आप्पा. गणितानं डोकं हे असं होतं.”

आणि आप्पांनी खरोखर माझ्या डोक्याकडं बघितलं.

तो प्रश्न मी पुढं पुष्कळ जणांना विचारला. इतक्या वर्षांत त्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. आताही आमच्या कॉलनीत दरवर्षी कुणीतरी पालक येऊन बसतात, पोराला गणित सोडायला लावू का म्हणून विचारतात. मी तोच प्रश्न करते. ते चहा पितात, मान हलवतात आणि जाऊन पोराला गणित सोडायला लावतात. बाहेर चौकात ‘भावी डॉक्टर’ म्हणून डिजिटल बोर्ड लागतो, त्यावर पोरगं हाताची घडी घालून उभं असतं आणि खाली शुभेच्छुकांची इतकी तोंडं असतात की पोरगं शोधायला लागतं. बोर्ड बघून मला हसू येतं, कारण माझ्या नावाचा बोर्ड चार पायांचा होता.

पण ते सांगण्याआधी हेही सांगायला हवं की गणित सोडायचा मोह मला होता. मी काही जिद्दीची पुतळी नव्हते. एकोणतीसचा अर्थ मला कळत होता. सोडलं असतं तर घरात शांतता, क्लासमध्ये पाठीवर थाप आणि पेला चालू. अडचण एवढीच होती की सोडल्यावर पुढं एकच वाट राहत होती. मेडिकल मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर इंजिनिअरिंग बंद, गणिताचं पुढचं शिक्षण बंद, आणि घरात बसलेल्या मुलीचं आमच्याकडं काय करतात ते मी चुलत बहिणींचं पाहिलेलं होतं. आप्पांना ही दुसरी बाजू दिसतच नव्हती. त्यांच्या लेखी मी डॉक्टर झालेच होते. आणखीही एक गोष्ट होती. गणितात पायरी चुकली की उत्तर चुकतं, आणि मोठ्यानं बोलून ते बरोबर करता येत नाही. नऊला बारा म्हणणाऱ्या घरातून उठून मी वहीपुढं बसायची. ती वही मला रोज नापास करत होती, पण तिथं आप्पांचं काही चालत नव्हतं. मला येत नसलेली ती एकच गोष्ट मला हवीशी वाटत होती. हे कुणाला सांगणार?

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. आठवडाभर आधी त्यांना पंचगंगेवर नेऊन घासायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मोरपिसं. शिवाय अंग भादरून त्यावर अक्षरं काढतात. वस्तरा घेऊन कारागीर बसतो आणि म्हशीच्या कुशीवरचे केस अक्षराच्या आकारानं काढतो. कुणी देवाचं नाव घालतं, कुणी तालमीचं, कुणी नुसता नाद खुळा. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर बसून पुढं आणि त्याच्या हाकेनं म्हैस मागं पळत, दोन्ही बाजूंना पेठ उभी. त्या पाडव्याला फराळाचं ताट घेऊन मी दारात आले तेव्हा विलासदादा गाडीवर बसला होता आणि आमची चांदणी, सगळ्यांत देखणी म्हैस, बोळातून बाहेर पडत होती. तिच्या डाव्या कुशीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: डॉ. सुजाता.

मी हातातली चकली परत ताटात ठेवली. आप्पा माझ्याकडं बघून हसत होते, लग्नात नवरदेवाच्या बापानं हसावं तसे. गाडीचा कडकडाट झाला, दादानं आरोळी ठोकली आणि चांदणी शेपटी उभारून सुटली. तेवढ्यात कडेच्या गर्दीला वाचता आलं.

“आयला, डॉक्टर पळाली बघा!”

“अवो डॉक्टरीणबाई, पेशंट हिकडं हाय!”

“दवाखाना कुठं काढलाय म्हणायचा? गोठ्यातच काय?”

“इंजेक्शन शिंगानं देती वाटतं!”

आप्पांना त्यात चेष्टा दिसलीच नाही. ते प्रत्येकाला हात करत होते. अकरावीच्या सहामाहीत नापास झालेल्या मुलीची डॉक्टरकी म्हशीवर कोरून गावभर पळवायची आणि वर हात करायचा, हे आमच्याच घरात होऊ शकत होतं. मिठाईच्या दुकानापाशी सर उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी पुरणपोळीच्या ताटावर मी म्हटलं, “आप्पा, मी अजून काय ठरवलं न्हाई.”

“कशाचं?”

“गणित सोडायचं का न्हाई त्याचं.”

आप्पांनी पोळीवर दूध ओतून घेतलं. “म्हशीवर लिवलंय आता. पेठंनं वाचलंय. ठरवायचं काय ऱ्हायलंय त्यात?”

“पण मला न विचारता…”

“तुला काय इचारायचं? नाव तुझंच हाय न्हवं?”

मी बाबांकडं बघितलं. ते कटाच्या आमटीत बोट बुडवून मीठ बघत होते. आई म्हणाली, “सोड की बाई. सणासुदीचं एवढ्या तेवढ्यासाठी कालवा नको.” बाबांनी मान हलवली. ती कुणाच्या बोलण्याला हलवली, हे त्यांनाही माहीत नसावं. बाबांवर माझं प्रेम होतं, ते गेले तेव्हा मी फार रडले. पण त्या दुपारी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आप्पांचा आला नाही. आप्पा निदान बोलत तरी होते.

सुट्टी संपली आणि कॉलेज उघडलं. आप्पा फेटा बांधून माझ्याबरोबर आले. कार्यालयात खिडकीमागं एक जाडजूड कारकून बसलेले होते. त्यांच्यापुढं आमच्यासारख्यांची रांगच होती. वैशाली आणि तिची आई आमच्या पुढं. वैशालीचं काम चटकन झालं. सत्तरच्या वर मार्क असलेली मुलगी गणित सोडून भूगोलवाली झाली आणि जाताना माझ्याकडं बघून उगाच हसली. आमचा नंबर आला. आप्पांनी खिडकीत तोंड घातलं.

“हिचं गणित काढा आणि भूगोल घाला.”

“तुम्ही कोण?”

“चुलता. बारा म्हशी हायत आपल्या, गंगावेशीला.”

“असू देत की. विषय कुणाला बदलायचाय, पावणं? तुमाला का हिला?”

“मी सांगतोय न्हवं?”

“मग तुमी घ्या भूगोल. तुमचं नाव लिवू?” मागची रांग फिदीफिदी हसली. कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. त्यांना माझी कळकळ होती असं मुळीच नाही. त्यांना आप्पांचा फेटा आवडला नव्हता, एवढंच. “बोल गं. तोंड हाय का न्हाई?”

मी म्हटलं, “गणित राहू दे.”

“आं?”

“राहू दे. मला काय बदलायचं न्हाई.”

“पुढचा,” कारकून म्हणाले.

आप्पांनी बोळाच्या तोंडाशीच फेटा काढून काखेत मारला. त्यांच्या बाबतीत ही घटनाच होती.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. मला मेडिकल मिळालं नाही. थोडक्यात गेलं. गणितात बारावीला मी बरी पास झाले, झळकले वगैरे नाही. आप्पा शेवटपर्यंत सांगायचे की गणितानं पोरीची डॉक्टरकी खाल्ली. खरंच खाल्ली का? मी आता संख्याशास्त्र शिकवते आणि प्रामाणिकपणे सांगते, एका मुलीवरून हे ठरवता येत नाही. दोनदा जगून बघता आलं असतं तर सांगितलं असतं. क्लासमधल्या ज्यांनी गणित सोडलं त्यातल्याही बहुतेकांना मिळालं नाही, वैशालीलाही नाही. तिला मग दुसरीकडं कुठं जाताच आलं नाही. अजून भेटली की ती म्हणते, “मला गणित आवडायचं गं.” सरांनी त्या वर्षीही भिंतीवर फोटो लावले. नवे फोटो कुणाचे होते ते बघायला मी गेले नाही.

पण मला सांगायचीय ती कॉलेजातून परत आल्यानंतरची दुपार. आप्पा तालमीकडं निघून गेले होते, आई जरा आडवी झाली होती, बाबा वैरणीला गेले होते. गोठ्यात चांदणी रवंथ करत बसली होती आणि तिच्या कुशीवर माझी डॉक्टरकी खालीवर होत होती. केस अजून भरून आले नव्हते. ती अक्षरं जायला महिना सहज लागला असता, आणि तोवर ती रोज संध्याकाळी कट्ट्यावर उभी राहणार होती. खुंटीला भादरायची कात्री होती. मी चांदणीला उठवलं, पेंडीचा तुकडा पुढं टाकला आणि ‘डॉ.’च्या भोवतीचे केस कापायला बसले. कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. त्याच्या बाजूचं सगळं त्याच्यासारखंच उघडं केलं की ते दिसेनासं होतं. कडा मी सरळ ठेवल्या. काम झालं तेव्हा तिथं एक चौकोनी टक्कल होतं आणि त्याच्या पुढं नुसतं ‘सुजाता’.

संध्याकाळी बाबांनी चांदणी कट्ट्यावर बांधली. टक्कल त्यांना दिसलं, त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि धार काढायला बसले. पेल्यांची बादली घेऊन मी बाजूला. रांगेतल्या पहिल्याच माणसानं हटकलं, “काय आप्पा, डॉक्टरकी गेली व्हय?”

आप्पांनी म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या परकराला काळे केस चिकटलेले होते. कट्ट्यावर आता मला एक ठेवून देतील असं वाटलं. त्यांनी ठेवली नाही.

“मग नाव तरी कशाला ठिवलंस?” ते म्हणाले.

“ते माझं हाय.”

बाबांनी सवयीनं पहिला पेला भरून माझ्यापुढं धरला. आप्पांनी तो मधल्या मधे घेतला, तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला. मिशीला फेस तसाच. मग त्या गिऱ्हाइकाकडं वळून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “एका म्हशीचं काय घिऊन बसलाय पावणं? बारा म्हशी हायत आपल्या.”

“नऊ,” मी म्हटलं. “त्यातल्या दोन रेड्या.”